बालगंधर्वांचे फॅन की केशवरावांचे? शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्र या एका प्रश्नावर भांडत होता

आज दोन हिरोंचे फॅन सोशल मीडियावर भिडतात. कुणाचा ओपनिंग वीकेंड मोठा, कुणाच्या गाण्याला व्ह्यूज जास्त, यावर रात्ररात्र भांडणं चालतात. बघणाऱ्याला वाटतं, हे खूळ आत्ताचं आहे, मोबाईलने आणलेलं आहे.

पण तसं नाहीये.

साधारण शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रात मोबाईल नव्हता, रेडिओ नव्हता, बोलपट नव्हते. तरीही घराघरात दोन पार्ट्या होत्या. एक पार्टी बालगंधर्वांची, दुसरी केशवराव भोसल्यांची. चहाच्या दुकानात, वकिलांच्या खोल्यांत, रेल्वेच्या डब्यात एकच वाद चालायचा. गाणारा कोण मोठा?

आणि ८ जुलै १९२१ या दिवशी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये हे दोघे एकाच नाटकात, एकाच रंगमंचावर, समोरासमोर उभे राहिले. नाटक होतं 'संगीत मानापमान'. तिकिटांचे दर नेहमीच्या कितीतरी पट ठेवले होते, तरी थिएटर खच्चून भरलं. आज रंगभूमीच्या इतिहासात या प्रयोगाला 'संयुक्त मानापमान' म्हणून ओळखलं जातं.

यातल्या बालगंधर्वांबद्दल बरंच लिहिलं गेलंय. त्यांच्यावर सिनेमा आला, पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे. पण त्यांच्या समोर उभा राहिलेला तो दुसरा माणूस कोण होता? त्याच्यासाठी लोक एवढे वेडे का होते? आणि या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आतच त्याच्या चाहत्यांवर डोक्याला हात लावून बसायची वेळ का आली?

ही त्याची गोष्ट. कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसल्यांची.

पोटासाठी नाटकात आलेलं पोरगं

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचा. घर मराठा, परिस्थिती बेताची. वडील लवकर गेले. आईच्या पदरात लहान मुलं आणि हातात पैसा नाही, अशी अवस्था.

त्या काळी नाटक कंपनी म्हणजे फिरतं गाव असायचं. मालक, नट, गवई, तबलजी, पडदे ओढणारे, आचारी असा पन्नास-शंभर जणांचा संसार एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचा. कंपनीत मुलाला घातलं की त्याच्या जेवणाखाण्याची चिंता मिटायची. गळा बरा असला तर गाणं शिकायला मिळायचं. बदल्यात पोरगं कंपनीचं व्हायचं.

केशव आणि त्याचा भाऊ दत्तोबा असे जनूभाऊ निमकरांच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. केशवचं वय तेव्हा पाटी धरायचं होतं. शाळा अशी त्याला मिळालीच नाही. त्याची शाळा म्हणजे तालीम. पहाटे उठून गळा तापवायचा, दुसऱ्यांची कामं बघायची, रात्री प्रयोगाला उभं राहायचं. नकला पाठ करायच्या त्या ऐकून ऐकून.

यात प्रेमळ असं फार काही नव्हतं. कंपन्यांमधलं मुलांचं आयुष्य कष्टाचं होतं. आवाज फुटला की मुलाची किंमत उतरायची, आणि ज्याचा फुटत नाही त्याच्या जिवावर कंपनी चालायची. केशवचा गळा दुसऱ्या प्रकारातला निघाला.

'शारदा'ने स्टार केलं

गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' हे नाटक १८९९ साली रंगमंचावर आलं. पैशाच्या लोभापायी बाप आपल्या कोवळ्या मुलीचं लग्न म्हाताऱ्याशी लावायला निघतो, ही त्याची गोष्ट. त्या काळात घराघरात घडणारी.

इथे एक गोष्ट क्लिअर करून टाकू. बालविवाह रोखणारा १९२९ चा कायदा 'शारदा कायदा' म्हणून ओळखला जातो. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की तो या नाटकामुळे आला. प्रत्यक्षात ते नाव अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून पडलं. पण महाराष्ट्रात हा कायदा येण्याच्या तीस वर्षं आधीच 'शारदा'ने लोकांना रडवून या विषयावर विचार करायला लावलं होतं, हेही तितकंच खरं.

आता त्या काळी बायकांनी नाटकात काम करणं समाजाला चालत नव्हतं. त्यामुळे नायिकेचं काम पुरुषच करायचे. शारदेचं कामही लुगडं नेसलेला एखादा तरुण करायचा. निमकरांच्या कंपनीत हे काम केशवकडे आलं, तेव्हा तो जेमतेम अकरा-बारा वर्षांचा होता.

म्हणजे झालं काय, तर नाटकातली शारदा जेवढी, साधारण त्याच वयाचं पोर रंगमंचावर उभं राहिलं. म्हाताऱ्याशी लग्न ठरलेल्या मुलीची भीती ते गाऊ लागलं. वरच्या पट्टीतला धारदार, स्वच्छ आवाज थेट शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. प्रेक्षकांना ते नाटक वाटेचना. बघता बघता या मुलाचं नाव गावोगाव झालं.

इथून केशवरावांचे चाहते तयार झाले, ते कायमचे.

तेव्हा फॅन असणं म्हणजे काय होतं?

हे समजून घेतलं नाही तर पुढची गोष्ट कळणार नाही.

आज आवडता गायक खिशात असतो. तेव्हा त्याचा आवाज ऐकायचा तर कंपनीचा मुक्काम आपल्या गावात पडायची वाट बघावी लागायची. ग्रामोफोन आला होता, पण रेकॉर्डची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची आणि यंत्र श्रीमंताच्या घरीच असायचं. मायक्रोफोन नव्हता. गायकाला आपल्या छातीच्या जोरावर सगळं थिएटर भरून टाकावं लागायचं.

कंपनी आली की गावात हँडबिलं वाटली जायची. आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या जुंपून लोक यायचे. नाटक रात्री सुरू व्हायचं आणि पदांना वन्समोअर मिळत गेले तर पहाटेपर्यंत चालायचं. वन्समोअर म्हणजे त्या काळचा लाईक आणि शेअर. एखादं पद आवडलं की प्रेक्षक ते पुन्हा म्हणायला लावायचे. दोनदा, तीनदा, कधी त्याहून जास्त. मरायला टेकलेलं पात्रही उठून पुन्हा गायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

कंपनी पुढच्या गावाला गेली की पक्के रसिक रेल्वेने पाठोपाठ जायचे. एकच नाटक पुन:पुन्हा बघायचे. कारण आज तोच राग, तेच पद, पण तान वेगळी. काल जे ऐकलं ते उद्या मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ऐकलेलं जपून ठेवायला त्यांच्याकडे डोक्याशिवाय दुसरी जागा नव्हती. म्हणून ते घरी येऊन गुणगुणायचे, शेजाऱ्याला ऐकवायचे आणि पोरांना शिकवायचे. नाट्यपदं महाराष्ट्रात घराघरात पोचली ती अशी.

सतराव्या वर्षी स्वतःची कंपनी

१ जानेवारी १९०८. हुबळी. केशवरावांनी स्वतःची नाटक कंपनी काढली. नाव ठेवलं ललितकलादर्श.

वय किती? सतरा. आजच्या हिशेबाने बारावीतला मुलगा.

कंपनी काढणं म्हणजे नुसतं गाणं नव्हे. पन्नास माणसांचं रोजचं जेवण, पगार, रेल्वेचं भाडं, थिएटरचं भाडं, कपडे, पडदे. एखाद्या गावात पाऊस लागला किंवा साथ आली की खेळ बंद आणि खर्च चालू. कितीतरी कंपन्या यातच बुडाल्या. शाळा न शिकलेल्या या मुलाने मात्र ललितकलादर्श उभी केली आणि काही वर्षांत ती महाराष्ट्रातल्या पहिल्या फळीत नेली.

केशवरावांची खासियत म्हणजे ते फक्त आपल्या गळ्यावर विसंबून राहिले नाहीत. चाहते आपलं गाणं ऐकायला येणारच आहेत, तर जुनीच नाटकं घोळवत बसू, असं त्यांनी केलं नाही. त्यांनी नवं नाटक शोधलं.

१९१२ मध्ये ललितकलादर्शने 'संगीत दामिनी' केलं. हे नाटक लिहिलं होतं हिराबाई पेडणेकर यांनी. मराठीतल्या आद्य स्त्री नाटककारांपैकी त्या एक. कलावंतिणीच्या घरात जन्मलेल्या, त्यामुळे पांढरपेशा समाज त्यांच्याकडे कोणत्या नजरेने बघायचा ते वेगळं सांगायला नको. ज्या रंगभूमीवर बाईला उभं राहायची परवानगी नव्हती, त्या रंगभूमीवर एका बाईने लिहिलेलं नाटक आणण्याची हिंमत या कंपनीने दाखवली.

पुढच्याच वर्षी वीर वामनराव जोशी यांचं 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' आलं. त्यातली मृणालिनी केशवरावांनी गाजवली. मग १९१६ साली मामा वरेरकरांचं 'हाच मुलाचा बाप'. विषय हुंडा. १९१९ साली वरेरकरांचंच 'संन्याशाचा संसार'. म्हणजे राजा-राणी आणि देवादिकांच्या गोष्टींतून मराठी संगीत नाटक रोजच्या घरातल्या प्रश्नांकडे वळत होतं, आणि त्यात ललितकलादर्श पुढे होती.

नेपथ्यावरही त्यांचा जीव. पु. श्री. काळे यांच्यासारखा चित्रकार कंपनीत होता. नाटक नुसतं ऐकायचं नाही, बघायचंही असतं, हे त्यांनी पक्कं केलं. गाण्याची तालीम मिळाली ती रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या ग्वाल्हेर घराण्याच्या तयार गवयाकडून.

कोल्हापूर, शाहू महाराज आणि ते थिएटर

केशवराव मोठे होत होते तेव्हाच कोल्हापुरात आणखी एक गोष्ट घडत होती.

१९०२ साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपला गेले. त्याच वर्षी त्यांनी संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण याच प्रवासात त्यांनी रोमची जुनी खेळाची मैदानं आणि युरोपातली थिएटरं बघितली, हे कमी जणांना माहीत असतं.

त्यातून कोल्हापुरात दोन गोष्टी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एक खासबागचं कुस्ती मैदान, कुठेही बसलं तरी आखाडा दिसेल असं. आणि दुसरं त्याला लागूनच पॅलेस थिएटर. बांधकाम १९१३ मध्ये सुरू झालं आणि १९१५ मध्ये थिएटर सुरू झालं. कुस्ती आणि नाटक, कोल्हापूरकरांचे दोन्ही शौक एका भिंतीच्या अल्याड-पल्याड.

महाराजांचं दरबारी गायक अल्लादियाखाँ साहेबांवर प्रेम होतं, तसंच नाटकवाल्यांवरही होतं. गंमत म्हणजे बालगंधर्व आणि केशवराव या दोघांच्याही आयुष्यात महाराज आहेत. लहानग्या नारायण राजहंसाच्या, म्हणजे बालगंधर्वांच्या, कानाला त्रास होता, तेव्हा मिरजेत त्याच्यावर उपचार व्हावेत म्हणून महाराजांनी लक्ष घातलं आणि पुढे किर्लोस्कर मंडळीत त्याचा प्रवेश झाला. केशवराव तर कोल्हापूरचंच पोर. त्यांनाही महाराजांचा आधार होता.

केशवरावांची एक आठवण कोल्हापुरात आजही सांगितली जाते. थिएटरात मावतील तेवढ्याच लोकांनी नाटक का बघावं, म्हणून खासबागच्या उघड्या मैदानात 'मृच्छकटिक'चा प्रयोग लावला गेला. जिथे एरवी पैलवान घुमायचे तिथे हजारो माणसं बसली. माईक नाही, छप्पर नाही. आणि केशवराव गायले. शेतकरी, हमाल, तालमीतली पोरं, ज्यांना एरवी तिकीट परवडलं नसतं, त्यांनी आपल्या स्टारला ऐकलं. कोल्हापूरच्या माणसाला केशवराव आपले का वाटतात, याचं उत्तर या एका आठवणीत आहे.

दोन पार्ट्या

आता येऊ त्या भांडणाकडे.

बालगंधर्व केशवरावांपेक्षा दोन वर्षांनी मोठे. १९१३ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांचं गाणं लाडिक, मधाळ, लयीशी खेळत जाणारं. त्यांच्या शालू-दागिन्यांची फॅशन घरंदाज बायका उचलायच्या. अत्तराचा घमघमाट, खरे भरजरी कपडे, वाद्यांचा थाट. खर्चाला हात आखडता नाही, त्यामुळे १९२१ च्या सुमारास मंडळी मोठ्या कर्जात सापडली होती.

केशवरावांचं गाणं वेगळं. झळाळतं, वरच्या पट्टीतलं, दमदार, तानेला वीज असलेलं. म्हणूनच लोकांनी त्यांना संगीतसूर्य म्हटलं. बालगंधर्वांचं चांदणं आणि केशवरावांचं ऊन, असा हा मामला.

झालं. चाहत्यांनी बाजू वाटून घेतल्या. गंधर्वांचे लोक म्हणायचे, केशवरावांच्या गाण्यात जोर आहे पण गोडवा कुठाय. केशवरावांचे लोक म्हणायचे, गोडव्याचं काय घेऊन बसलात, एवढी तयारी दाखवा की. ज्याने त्याने आपापल्या नटाला गळ्यातला ताईत केलेलं.

या वादाला तेव्हाच्या काळाचीही एक किनार होती. १९१० ते १९२० ही ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाची वर्षं, आणि कोल्हापूर त्याचं केंद्र. बालगंधर्व ब्राह्मण घरातले, केशवराव मराठा घरातले. रंगभूमीवर तोवर मोठी नावं प्रामुख्याने पांढरपेशांची. अशा वेळी बहुजन समाजातला एक मुलगा, शाळेत न गेलेला, स्वतःची कंपनी काढून शिखरावर पोचतो, याचा अभिमान अनेकांना वाटला असेल तर त्यात नवल नाही.

फॅन भांडत होते. स्टार मात्र एकमेकांच्या गाण्याचा मान ठेवून होते.

८ जुलै १९२१

१ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक गेले. त्यांच्या नावाने टिळक स्वराज्य फंड सुरू झाला. गांधीजींनी देशभरातून १ कोटी रुपये उभे करायचं आवाहन केलं. असहकाराची चळवळ भरात होती. मुंबईत विदेशी कपड्यांच्या होळीची तयारी चालली होती.

नाटकवाल्यांनी या फंडासाठी काय करावं? दोन कंपन्यांनी मिळून एक प्रयोग करावा, अशी कल्पना पुढे आली. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श. एरवी एकमेकांच्या गल्ल्यावर डोळा ठेवून असणाऱ्या दोन कंपन्या एकत्र.

नाटक ठरलं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'संगीत मानापमान'. पैशाने गरीब पण शूर असलेला सेनापती धैर्यधर, आणि त्याच्या गरिबीमुळे आधी त्याला नाकारणारी श्रीमंत घरातली भामिनी, यांची ही गोष्ट. १९११ साली हे नाटक पहिल्यांदा आलं तेव्हा भामिनी बालगंधर्वांनी केली होती. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली होती आणि तरी ते रंगमंचावर उभे राहिले, हा किस्सा प्रसिद्ध आहे. या नाटकाच्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे हे पुन्हा कोल्हापूरचेच.

संयुक्त प्रयोगात भामिनी अर्थातच बालगंधर्व. आणि धैर्यधर केशवराव.

विचार करा. एकेकाळी शारदा म्हणून गाजलेला, मृणालिनी म्हणून गाजलेला नट आता बालगंधर्वांच्या भामिनीसमोर पुरुष म्हणून उभा राहणार. जे भांडण गेली कित्येक वर्षं ऐकीव गोष्टींवर चाललं होतं, त्याचा निकाल आज डोळ्यांसमोर लागणार, असं प्रेक्षकांना वाटत होतं. फॅन लोक हिशेब मांडून बसले होते. कुणाला वन्समोअर किती, कुणाच्या तानेला टाळी किती.

प्रयोग झाला. ज्यांनी बघितला त्यांनी तो आयुष्यभर सांगितला. दोघांनीही जीव ओतला.

आणि निकाल?

निकाल लागलाच नाही. गंधर्वांचे चाहते म्हणत राहिले गंधर्व सरस, केशवरावांचे म्हणत राहिले केशवराव सरस. हा वाद पुढची कित्येक दशकं, ती पिढी संपेपर्यंत चालला. पण फंडाला मोठी रक्कम मिळाली आणि मराठी माणसाला एक गोष्ट दिसली. चाहत्यांनी ज्यांना एकमेकांचे वैरी ठरवलं होतं, ते दोघे एका कामासाठी शेजारी उभे राहू शकतात. प्रयोगाची जादू एवढी की त्यानंतर 'संयुक्त सौभद्र'ही झालं.

तीन महिन्यांच्या आत

यापुढे काय काय झालं असतं, याची कल्पना आपण फक्त करू शकतो. दोन कंपन्यांनी आणखी प्रयोग केले असते का? दहा वर्षांनी बोलपट आले, कोल्हापुरातच प्रभातने 'अयोध्येचा राजा' काढला. त्यात गोविंदराव टेंबे नायक होते. केशवराव असते तर पडद्यावर दिसले असते का?

४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव गेले. वय ३१ वर्षं. संयुक्त 'मानापमान'ला उणेपुरे तीन महिनेही झाले नव्हते.

ज्या माणसाच्या आवाजाचा दम हाच त्याचा लौकिक होता, तो एका आजारपणात संपला. चाहत्यांसाठी हा धक्का कसा असेल, हे आज आवडता कलाकार अकाली गेल्यावर जे होतं त्यावरून ओळखता येईल. फरक एवढाच की आज जुने व्हिडिओ राहतात, गाणी राहतात, आपण ती पुन:पुन्हा लावू शकतो. केशवरावांना रंगमंचावर बघितलेल्यांपाशी आठवण सोडून बघायला काहीच उरलं नव्हतं. पुढच्याच वर्षी, ६ मे १९२२ ला, शाहू महाराजही गेले. कोल्हापूरने सात महिन्यांत आपला गवई आणि त्याचा आश्रयदाता, दोघांनाही गमावलं.

कंपनी मात्र मेली नाही

मालक-नट गेला की कंपनी फुटायची, हा त्या काळचा नियम. ललितकलादर्शने तो मोडला.

केशवरावांच्या तालमीत तयार झालेले बापूराव पेंढारकर पुढे झाले. त्यांनी कंपनी सांभाळली. १९२२ मध्ये वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' आणलं आणि केशवरावांनी घालून दिलेली वाट सोडली नाही. सामाजिक नाटकं, नवं नेपथ्य आणि खणखणीत गाणं.

केशवराव गेल्यानंतर जेमतेम दोन महिन्यांत, नोव्हेंबर १९२१ मध्ये, बापूरावांना मुलगा झाला. भालचंद्र. बापूराव १९३७ मध्ये गेल्यावर काही वर्षांनी याच मुलाने ललितकलादर्श पुन्हा उभी केली. 'दुरितांचे तिमिर जावो' सारखी नाटकं केली. भालचंद्र पेंढारकरांनी केशवरावांना कधी बघितलं नव्हतं, तरी त्यांनी काढलेली कंपनी आयुष्यभर चालवली. २००८ मध्ये ललितकलादर्शला शंभर वर्षं झाली तेव्हा अण्णा हयात होते. २०१५ मध्ये ते गेले. सतरा वर्षांच्या पोराने हुबळीत काढलेली कंपनी शंभरी गाठते, यापेक्षा मोठी दाद दुसरी कोणती असेल?

नाव थिएटरला, आणि मग ती रात्र

स्वातंत्र्यानंतर कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला केशवरावांचं नाव देण्यात आलं. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. राजाने बांधलेल्या वास्तूला एका नटाचं नाव, असं चित्र फार ठिकाणी दिसत नाही.

पुढे या नाट्यगृहात पिढ्यानपिढ्या प्रयोग झाले. व्यावसायिक नाटकं, राज्य नाट्य स्पर्धा, शाळांची स्नेहसंमेलनं, ऑर्केस्ट्रा. कोल्हापुरातल्या कितीतरी कलाकारांचं पहिलं पाऊल याच रंगमंचावर पडलं. ज्यांना केशवराव कोण हे नीट माहीत नव्हतं, तेही सहज म्हणायचे, आज केशवरावला नाटक आहे. माणसाचं नाव जागेचं नाव होऊन रोजच्या बोलण्यात मिसळून गेलं होतं.

८ ऑगस्ट २०२४. दुसऱ्या दिवशी केशवरावांची १३४ वी जयंती. कार्यक्रमाची तयारी चालू होती. आणि रात्री नाट्यगृहाला आग लागली.

छप्पर, रंगमंच, पडदे, खुर्च्या, सगळं जळालं. खासबागच्या बाजूलाही झळ पोचली. आगीची बातमी पसरताच कलाकार, तंत्रज्ञ आणि साधी माणसं रस्त्यावर जमली. मोठमोठे पुरुष ढसाढसा रडत होते. दुसऱ्या दिवशी जयंती साजरी करायची होती त्या जागी राखेचा ढीग होता. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या.

बाहेरच्यांना प्रश्न पडला असेल की एक नाट्यगृह जळालं म्हणून एवढं रडायचं काय?

पण कोल्हापूरकरांसाठी ती नुसती इमारत नव्हती. केशवरावांना प्रत्यक्ष ऐकलेला माणूस तेव्हा शहरात कुणी उरला नव्हता. त्यांची आठवण ठेवायची शहराची जागा म्हणजे ते नाट्यगृह होतं. ती एका रात्रीत गेली, म्हणून लोक रडले. ते होतं तसं पुन्हा उभं राहिलं पाहिजे ही मागणी त्याच राखेतून सुरू झाली, सरकारने निधी जाहीर केला आणि पुनर्बांधणीचं काम हाती घेण्यात आलं.

मग या गोष्टीतून काय घ्यायचं?

केशवराव भोसल्यांना आयुष्य मिळालं ३१ वर्षांचं. त्यातली सुरुवातीची गरिबीत गेली आणि उरलेली रंगमंचावर. तेवढ्यात त्यांनी कंपनी उभी केली, बाईने लिहिलेलं नाटक केलं, हुंड्यावर नाटक केलं, ज्याच्याशी लोक त्यांना झुंजवत होते त्याच्यासोबत देशासाठी गायले.

त्यांच्या चाहत्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे गंधर्ववाल्यांशी भांडले. ते भांडण आज कुणाला आठवत नाही. दुसरं म्हणजे त्यांची पदं पोराबाळांना शिकवली, त्यांची कंपनी शंभर वर्षं चालवली, त्यांचं नाव थिएटरला दिलं आणि ते जळाल्यावर पुन्हा उभं करण्यासाठी रस्त्यावर आले. हे सगळं मात्र टिकलं.

त्यामुळे पुढच्या वेळी कोल्हापूरला गेलात, तर अंबाबाईचं दर्शन आणि तांबडा-पांढरा झाल्यावर खासबागकडे एक चक्कर नक्की मारा. मैदानाच्या शेजारी त्या दगडी भिंती दिसतील. माईक नसताना हजारो माणसांना आवाज पुरवणारा एक माणूस याच भागात गायला होता, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ आहे.